नायमानची विहीर

लाल पहाट, तारबगताय
२६ मार्च १९९२

ओरिंशा,

तुमच्याकडची माणसं, मेंढरं, गुरं सगळी धड आहेत ना? आमच्या झाकेन मेहुण्यांची कंबर काय म्हणते? झानारचं कॉलेज संपत आलं असेल. आमच्याकडे सगळे ठीक. वहिनीचे गुडघे सोडले तर तक्रार करण्यासारखं काही नाही, आणि वहिनीची तक्रार गुडघ्यांवर थांबत नाही हे तुला ठाऊक आहेच.

वरचा पत्ता डोळे भरून बघून घे बाई, कारण तो आता थोड्या दिवसांचा सोबती आहे. आपल्या गावाचं नाव बदलतंय! साठ वर्षं ‘लाल पहाट’ म्हणून मिरवलं, आता पुरे. समिती नेमलीय आणि समितीचा अध्यक्ष कोण, तर तुझा भाऊ. हेडमास्तरकीतून सुटलो आणि यात अडकलो. नाव ठरलंय: नायमान, आपल्या टोळीचंच. दुसरं काय असणार? या डोंगराच्या पायथ्याला दगड उचलावा तर खाली नायमान निघतो.

गावाच्या तोंडाशी पुरुषभर उंचीचा दगड उभा करणार. त्यावर नाव, आणि नावाखाली आपल्या टोळीची दोन फाट्यांच्या बेळक्याची खूण, घोड्यांच्या पुठ्ठ्यावर डागतात तीच. सप्टेंबरात मोठी मेजवानी. प्रत्येक घरच्या कर्त्याने दगडापुढे उभं राहून आपल्या सात पिढ्यांच्या बापांची नावं म्हणायची. हल्लीच्या पोरांना तीनच्या वर येत नाहीत. उद्या सातांच्या आतल्याच मुलीशी लग्न लावून बसतील नि मग बहीण-भावाचा संसार म्हणून सगळा मुलूख थुंकेल. ते व्हायला नको.

आणि दगडावरचं कापड कोण काढणार? आपले बाबा! गावाचं नाव नायमान आणि त्यांचं नाव नायमानबाय. सगळ्या गावाला आशीर्वादही तेच देणार. मला तर रात्र-रात्र आनंदाने झोप नाही.

आता तुझ्याकडे एक काम. तुमच्या तिकडे, कार्कारालीच्या बाजूला, ‘नायमानची विहीर’ म्हणून विहीर आहे ना? लग्नाच्या वेळी तूच बोलली होतीस. अगं, अर्गीन टोळीच्या ऐन मुलखात आपल्या टोळीच्या नावाची विहीर! म्हणजे आपले घोडे तिथवर पाणी प्यायले. कोणी खणली, कधी खणली, तुमच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारून कळव. दगडाच्या मागच्या बाजूला कोरतो.

मेजवानीला तू ये. बाबांचं मी बघतो. आता सत्तरी झाली, राग किती दिवस धरणार? दारात उभी राहिलीस तर हाकलणार नाहीत.

तुर्सिन

*

कार्काराली
१९ एप्रिल १९९२

दादा,

पत्र मिळालं. समितीचे अध्यक्ष झालात, अभिनंदन. आता घरात वहिनी अध्यक्ष आणि बाहेर तुम्ही.

हाकलणार नाहीत म्हणता, पण हाकललं नाही म्हणजे बोलावलं असं होतं का? सत्तावीस वर्षांत मला माहेरी एकदाही बोलावणं आलं नाही. आईच्या मातीला आले तेव्हासुद्धा बाबा तंबूच्या दुसऱ्या बाजूला तोंड फिरवून बसले होते. मी रडून रडून आडवी झाले. गावच्या बायकांनी मला धरलं, पण बापाने मान वळवली नाही. ते विसरायला सांगू नका.

मी काय वाईट केलं होतं? परक्या टोळीत लग्न केलं. तसंच तर करायचं असतं! नायमानाच्या मुलीने अर्गिनाच्या घरी जायचं, अर्गिनाच्या मुलीने नायमानाच्या, आपल्याकडे सगळे याच रीतीने जातात. मी काही सातांच्या आत केलं नव्हतं. मी आले होते परवानगी मागायला, पळून जायला नव्हे. बाबा चहा पीत होते. ‘मुलगा कुठला?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘कार्कारालीचा, नायमानच्या विहिरीकडचा.’ त्यांनी वाडगा खाली ठेवला आणि सरळ घोड्यांकडे निघून गेले. परत आले ते एवढंच बोलले: ‘तिथे नाही. दुसरा कुठलाही अर्गीन बघ, केरेय बघ, कोणीही बघ. तिथे नाही.’ का, ते सांगितलंच नाही. मी पाय धरले, आईने पाय धरले. दगडाला पाझर फुटेल, पण त्यांना नाही.

मग मी गेले. आशीर्वादाशिवाय गेले. पहिला मुलगा गेला तेव्हा इथल्या बायका कुजबुजल्या, दुसरा गेला तेव्हा तोंडावर बोलल्या, ‘बापाने आशीर्वादाला हात उचलले नाहीत हिच्यासाठी, पोरं कशी जगतील?’ झानार जगली ती तिच्या नशिबाने. मला काही नको दादा, मला ती मेजवानी नको, घोड्याचं मांस नको. बाबांनी मरायच्या आत एकदा माझ्याकडे तोंड करून दोन हात उचलावेत, तोंडावरून फिरवावेत, बस. तुम्ही ते करून देणार असाल तर मी येते.

विहिरीचं विचारीन. इथे शेकेर काकी म्हणून झाकेनच्या चुलत्याची बायको आहे, ऐंशीच्या पुढची. दात गेले, पण आठवण शाबूत आहे. सध्या ती मुलीकडे गेलीय, उन्हाळी कुरणावर भेटेल.

ओरिंशा

*

लाल पहाट (अजून)
११ जून १९९२

ओरिंशा,

तुझं पत्र वाचून वहिनी रडली.  पण तू असं तोंड पाडून बसू नकोस, सगळं जमवून आणतो.

खरं सांगायचं तर बाबांचा मला नेम लागत नाहीये. आनंदाने उड्या माराव्यात की नाही? तर म्हणतात, ‘नायमान कशाला ठेवता? लाल पहाट काय वाईट होतं?’ मी म्हटलं, बाबा, लोक हसतील तुम्हाला. तर म्हणाले, ‘कापड दुसऱ्या कुणाला तरी काढू दे. आणि सात बाप तू म्हण, माझा घसा बसलाय.’ घसा बिसा काही बसलेला नाही, सुनेवर ओरडताना पलीकडच्या आळीला ऐकू येतो! मला वाटतं लाजतात. गाव आपल्याच नावाचं झालं असं लोक म्हणतील, म्हणून संकोच.

त्यात तो सापार म्हातारा. त्याला काडी लावल्याशिवाय अन्न पचत नाही. परवा समितीत सगळ्यांदेखत म्हणतो कसा, ‘तुर्सिन, मला एक सांग. नायमानात कोणी पोराचं नाव नायमानबाय ठेवतं का रे? आमच्या सात पिढ्यांत एक नाही. आम्ही सगळेच नायमान, हाक मारली तर कोण ओ देणार? तुझ्या बापाचं नाव ठेवणारा माणूस नक्की कुठे बसला होता?’ सगळे खो खो हसले. मी म्हटलं, ‘सापार काका, तुमच्या पोटात दुखतंय, कारण गाव तुमच्या नावाचं झालं नाही. सापारवाडी कोण ठेवणार?’ त्यावर सगळे पुन्हा हसले. पण मला ते लागलं.

आपल्याला माहीतच आहे की बाबा दुष्काळाच्या साली आले. बेइसेन आजोबा आयागोझ स्टेशनवरून त्यांना घेऊन आले, आपल्या मेलेल्या भावाचा मुलगा म्हणून. भाऊ पश्चिमेकडे गेला होता, तिकडेच वारला. म्हणजे बाबांचा जन्म तिकडचा, आणि ते नाव परमुलखात राहणाऱ्या नायमानाने ठेवलेलं. साधी गोष्ट आहे! आणि मला तर असं वाटतं की ती विहीरही त्याच आजोबांची. म्हणून म्हणतो, लवकर विचार. एवढं हातात आलं की सापारच्या तोंडाला कायमचं कुलूप.

बाबा हल्ली फार थकलेत. जेवण तुटलंय. तू सप्टेंबरात येच.

तुर्सिन

*

कार्काराली, उन्हाळी कुरण
९ जुलै १९९२

दादा,

हे पत्र एकटे असताना वाचा. वहिनीला दाखवू नका.

शेकेर काकीकडे गेले होते. तंबूबाहेर चटईवर कुर्ताचे आंबट दह्याचे गोळे वाळत घालत बसली होती. मी मदतीला बसले आणि विचारलं, काकी, त्या विहिरीला नायमानची विहीर का म्हणतात? ती म्हणाली, ‘तुला कोणी सांगितलंच नाही? अगं, तुझ्या सासऱ्यांच्या काकांनी खणली ती. मला त्यांचं नाव घेता येत नाही, सुनेने थोरल्यांचं नाव कसं घ्यायचं? विहीरवाले मामंजी म्हण. त्यांना मुलं होत आणि जात. सहा गेली. सातवा झाला तेव्हा तिथून नायमानांचा तांडा चालला होता, मीठ घेऊन. मामंजींनी पोर उचललं आणि त्यांना विकून टाकलं.’

तुम्हाला रीत ठाऊक आहे. ज्यांच्या घरात मूल टिकत नाही ते असं करतात. परक्याला विकायचं, परत विकत घ्यायचं, म्हणजे मरण दारात आलं तरी म्हणेल, हे तर दुसऱ्यांचं पोर. त्या नायमानांनी एक सुरी दिली आणि पोर घेतलं. संध्याकाळी मामंजींनी एक कोकरू देऊन परत आणलं. उजव्या कानाला बाळी घातली आणि नाव ठेवलं नायमानबाय. मूल जगलं. त्याच्या आनंदात विहीर खणली. लोक तिला त्याच पोराच्या नावाने ओळखायला लागले. दादा, त्या विहिरीवर आपल्या टोळीचे घोडे कधी पाणी प्यायलेच नाहीत.

काकी म्हणाली, ‘मी सून होऊन आले तेव्हा चार वर्षांचा होता. दिराचं नाव घेता येत नाही म्हणून मी बाळीवाला म्हणायची. खांद्यावर घेऊन फिरवलाय त्याला. मग दुष्काळ आला. मामंजी इथेच गेले. आई त्याला घेऊन आयागोझकडे निघाली, पुढे चीनच्या वाटेला. त्यानंतर काही कळलं नाही. मेला असेल गं माझा बाळीवाला.’

 मी म्हटलं, काकी, माझ्या वडिलांचं नाव काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे ना? तर म्हणाली, ‘ठाऊक आहे की. पण तुम्ही नायमान. मला वाटलं तुमच्याकडे घरटी एक त्या नावाचा असेल.’ सापार म्हातारा तुमच्याकडे ज्याला हसला, ते यांना इतकी वर्षं अगदी साहजिक वाटलं! ना तुमचं कोणी इकडे आलं, ना यांचं कोणी तिकडे गेलं. बाबांनी सोयऱ्यांना दारात पाऊल टाकू दिलं असतं तर काकीने त्यांना कानावरून ओळखलं असतं.

बाबांच्या उजव्या कानाला भोक आहे, दादा. लहानपणी मी त्यात गवताची काडी घालायची आणि ते हसायचे.

आता मोजा. विहीरवाल्या मामंजींचे सख्खे थोरले भाऊ म्हणजे झाकेनचे आजोबा. बाबा मामंजींचा मुलगा असतील, तर माझे आजोबा आणि माझ्या नवऱ्याचे आजोबा एका आईचे. सात कसले, तिसऱ्यातच आम्ही एक. मी भावाच्या घरात नांदतेय. माझी दोन पोरं बाबांच्या आशीर्वादाविना गेली म्हणून मी रडले, आणि बाबांना ठाऊक होतं! ‘तिथे नाही’ म्हणाले. दोन शब्द बोलले. तिसरा शब्द बोलले असते तर मी त्याच पावली परत फिरले असते. मी झाकेनवर जीव टाकत होते, पण मी काही जनावर नव्हते.

झाकेनला सांगितलेलं नाही. तो समोर बसून चहा पितो आणि मला त्याच्या कपाळात बाबा दिसायला लागलेत. 

त्यांना विचारा. नाहीतर मी येते आणि मीच विचारते.

ओरिंशा

*

तारबगताय
३० जुलै १९९२

ओरिंशा,

तुझं पत्र जाळून टाकलं. तूही असलं पुन्हा लिहू नकोस. टपाल हल्ली कोणीही फोडतं.

ऐंशी वर्षांच्या बाईच्या बडबडीवर तू घर मोडायला निघालीस? दुष्काळात शेकडो पोरं आयागोझवर होती. कान निम्म्या मुलखाचे टोचलेले असतात. मी बाबांना विचारणार नाही आणि तूही विचारायचं नाहीस. त्यांची तब्येत तशी नाही.

जरा माझा विचार कर. दगड आलाय, खूण कोरून झालीय. मधल्या पोराची सोयरीक ठरतेय. उद्या सापारला वास लागला तर म्हणेल, समितीचा अध्यक्षच उपरा! भटकं जनावर कळपात शिरतं तशी आपली गत होईल. पन्नाशीत मी नवे सात बाप कुठून आणू?

मेजवानीला येऊ नकोस. रस्ता लांबचा आहे, पेट्रोल मिळत नाही. नंतर बघू.

तुर्सिन

*

कार्काराली
२३ ऑगस्ट १९९२

दादा,

पेट्रोलचं कारण छान शोधलंत. शाळेतल्या पोरांनी तुम्हाला यापेक्षा बरी कारणं सांगितली असतील.

मी पुष्कळ चिडले. आठ दिवस तुम्हाला मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही. मग विचार केला, भांडून मला काय मिळणार? तुम्हाला नाव हवंय. घ्या. मी ते नाव मोडणार नाही. झाकेनला सांगणार नाही, झानारला सांगणार नाही. काकीला मी म्हटलं, कान दुसरा असेल, माझीच चूक झाली. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि कुर्त वळत राहिली. सगळ्या मुलखादेखत मी तुम्हाला नायमान म्हणीन, बाबांना नायमान म्हणीन, स्वतःलाही म्हणीन.

बदल्यात एवढंच करा. मी मेजवानीला येत नाही, दगडाजवळ फिरकत नाही. तुम्ही सांगाल त्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, मागच्या दाराने येते. मी त्यांना काही विचारणार नाही. आता विचारायचं उरलंय काय? त्यांनी फक्त माझ्यासाठी हात उचलावेत. बाप म्हणून. कुठल्याही टोळीचा असो, बापच आहे ना तो माझा.

तुमच्या एका ओळीची वाट बघते. ‘ये’ एवढं लिहिलंत तरी चालेल. बसला दोन दिवस लागतात, उभ्याने येईन.

ओरिंशा

*

नायमान, तारबगताय
१५ नोव्हेंबर १९९२

ओरिंशा,

तुझ्या ऑगस्टच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. बातमी चांगली नाही. मन घट्ट कर.

बाबा गेले. चार ऑक्टोबरला. तुला तार करायची होती, पण सगळं इतकं घाईने झालं, आणि तू आली असतीस तर लोकांसमोर तुला आवरलं नसतं, तुझ्या तोंडून काही निघालं असतं तर? मी फार विचार केला गं. चाळिसाव्याचं जेवणही परवा उरकलं. नायमानांच्या कब्रस्तानात, बेइसेन आजोबांच्या शेजारी दिलीय जागा. दगडावर बेळक्याची खूण आहे. सापारने स्वतः माती लोटली.

तू रागावशील. पण आधी पुढचं वाच, कारण तुला हवं होतं ते तुला मिळालेलं आहे.

मी म्हटलं होतं विचारणार नाही, पण विचारलं. तुझं ते ऑगस्टचं पत्र आल्यावर आठवड्याभरात. बाबांनी आधी दार लावून घ्यायला सांगितलं. मग म्हणाले, ‘आई स्टेशनवर पडली. जाताना म्हणाली, कोणी विचारलं तर नाव सांग. नायमान आपलं विकत घेतलेलं पोर टाकणार नाहीत. बेइसेनने विचारलं, मी नाव सांगितलं. तो म्हणाला, मग तू आमचाच.’ मी म्हटलं, ओरिंशाला का नाही सांगितलंत? म्हणाले, ‘त्या वर्षी तुझं लग्न ठरत होतं. तुझ्या सासऱ्याला, राय्खानच्या बापाला, कळलं असतं तर त्याने सात बाप नसलेल्याला मुलगी दिली असती का? मला वाटलं, नको म्हटलं की पोरगी ऐकेल. लहानपणी ऐकायची.’

आता मला काही बोलू नकोस. मी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं.

मेजवानी थाटात झाली. बाबांना खुर्चीत बसवून आणलं. कापड त्यांच्या हातून काढवलं, सात बाप मी म्हटले. मग आशीर्वादाची वेळ आली. सगळा गाव हात पसरून उभा, माईक माझ्या हातात. बाबांनी दोन्ही हात उचलले. पण ते दगडाकडे बघतच नव्हते, मावळतीकडे बघत होते. आवाज एवढा बारीक की मीच काय तो ऐकला. म्हणाले, ‘ओरिंशा, लेकी, तुझं घर भरलेलं राहो. तुझ्या विहिरीचं पाणी आटू नये. माझ्यामुळे जे गेलं ते देव तुला झानारच्या पोटी देवो.’ आणि तोंडावरून हात फिरवले.

लोक विचारायला लागले, काय म्हणाले? काय म्हणाले? मी माईकमध्ये सांगितलं, ‘नायमान गाव भरलेलं राहो, नायमानांचं पाणी आटू नये.’ सगळे आमीन म्हणाले. दुसरं मी काय करणार होतो, तूच सांग. पण आशीर्वाद तुझाच होता, देवाला ठाऊक आहे. आपला सौदा पुरा झाला. तूही आता शब्द पाळ.

शेवटच्या दिवशी पाणी मागत होते. ‘विहिरीचं आणा.’ आम्ही नळाचं दिलं. मी म्हटलं, बाबा, हे विहिरीचंच आहे, ओरिंशाने पाठवलंय. एक घोट घेतला, म्हणाले ‘हे नाही,’ आणि भिंतीकडे तोंड केलं. शेवटी शेवटी माणसाला चव कुठे कळते?

वहिनी आठवण काढते. मधल्याचं लग्न वसंतात आहे. तेव्हा ये, समोरच्या दाराने.

तुर्सिन

*

कार्काराली
६ डिसेंबर १९९२

तुर्सिनदादा,

पत्र बायकांच्या हाती लागलं आणि त्यांनी रीतीप्रमाणे आधी मला बसवलं, पाणी पाजलं, मग सांगितलं. बरं झालं, फक्त पहिल्या चार ओळी वाचल्या होत्या त्यांनी. बाकीचं मी गोठ्यात जाऊन वाचलं.

मी शब्द पाळला. ऐका कसा पाळला ते. बापासाठी लेकीने शोकगीत म्हणायचं असतं, बापाची टोळी, बापाचे बाप नाव घेऊन सांगायचे असतात. सगळी वस्ती जमली होती. मी तोंड भिंतीकडे करून बसले आणि म्हटलं, ‘तारबगतायचा नायमान माझा बाप, बेइसेनच्या कुळातला वाघ गेला.’ त्याच्या स्वतःच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर बसून, त्याच्या भावकीसमोर, त्याला परका म्हणून रडले मी. त्याच्या रक्ताच्या पुतण्यांनी येऊन माझं सांत्वन केलं, म्हणाले, ‘नायमान मोठे लोक.’ झाकेनने मेंढा कापला. आपल्याच चुलत्यासाठी कापतोय हे त्याला ठाऊक नाही आणि माझ्या तोंडून ते कधी कळणार नाही. तुमच्या समितीला हे कळवा, खूश होतील.

शेकेर काकी एका कोपऱ्यात होती. सगळे आमीन म्हणाले तेव्हा तिने ओठ हलवले नाहीत. दुसऱ्या दिवशी काठी टेकत आली आणि मला विहिरीवर घेऊन गेली. म्हणाली, ‘मी सून. मला मामंजींचं नाव आयुष्यात घेता आलं नाही. तू इथली लेक. लेकीला मनाई नसते. एकदा घे, मला ऐकू दे.’ मी विहिरीत वाकून म्हटलं, जुसुप. काकी तिथेच बर्फात बसली आणि रडली. मग विचारलं, ‘माझ्या बाळीवाल्याला पाणी मिळालं का गं शेवटी?’ मी म्हटलं, मिळालं काकी, इथलंच मिळालं. खोटं बोलायला मी तुमच्याकडूनच शिकले.

सत्तावीस वर्षं मी उगवतीकडे तोंड करून माहेरची वाट बघितली, दादा. कोणी घोडेस्वार दिसला की वाटायचं, बाबांचा निरोप असेल. आणि माहेर माझ्या पाठीमागे होतं. रोज त्याच विहिरीचं पाणी मी भरत होते, सासरचं म्हणून.

माझा आशीर्वाद मी तुमच्याकडून परत मागत नाही. माईकवर वाटून झालाय, आता तो गावाचा. लग्नाला येणार नाही, समोरच्या दाराने नाही आणि मागच्याही नाही. नायमानमध्ये माझं कोणी नाही.

फक्त एक पाठवा. बाबांच्या थडग्यावरची मूठभर माती. काकी म्हणते, विहिरीच्या काठाला जुसुपच्या कबरीच्या बाजूला पुरू, म्हणजे पोर घरी आलं असं होईल. रुमालात बांधून बसच्या ड्रायव्हरकडे द्या. अंगणातली उचलून देऊ नका. पाणी खोटं दिलंत, माती तरी खरी द्या.

ओरिंशा